सतरा तासांची मुदत



१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पंधरा माणसे समुद्रात उतरली. पोहणारा अधिक कणखर, धावणारा की सायकलस्वार, असा वाद तेथे रंगला होता. नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी त्यावर उपाय काढला. बेटावरच्या तीन स्वतंत्र शर्यती त्यांनी एकाच दिवसात गुंफल्या. पंधरांपैकी बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यांना जवळजवळ बारा तास लागले.

हीच पुढे जगभर पसरलेली ‘आयर्नमॅन’ ट्रायथलॉन. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल, म्हणजे मुंबई-पुणे अंतराहूनही अधिक, आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावणे. हे सारे साधारणतः सतरा तासांत पुरे करावे लागते. पोहण्याला आणि सायकलीलाही वेगवेगळी मुदत असते. ती हुकली की स्पर्धकाला तेथेच थांबवतात.

या शर्यतीत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने दिसतात. पहिल्या क्रमांकाशी त्यांचा संबंध नसतो. शाळेच्या भाषेत बोलायचे तर त्यांची धडपड काठावर उत्तीर्ण होण्याची असते. आयुष्यभर गुणवत्ता यादीकडे डोळे लावून बसलेल्या समाजाला ही धडपड विचित्र वाटणे स्वाभाविक आहे.

पण खरी कसोटी शर्यतीच्या कितीतरी आधी, तरणतलावाच्या उथळ टोकाला लागते. एकेकाळी खेड्यातली मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. मामाने वा काकाने मागून ढकलले की शिक्षण सुरू! नोकरीनिमित्त परप्रांतात स्थिरावलेल्या घरांतून ती विहीर सुटली, आणि स्त्रियांच्या वाट्याला तर ती पुष्कळदा आलीच नव्हती. पंचेचाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरलेल्या गृहस्थांच्या एका बाजूला सहा वर्षांची पोर सरसर पुढे जात असते. प्रशिक्षक स्वतःच्या मुलाहून लहान, तो सांगतो, “काका, मान वर काढू नका, पाण्यात श्वास सोडा.” काका नेमकी मान वर काढतात आणि पाणी पितात. कचेरीत ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नाही, त्यांना असे चारचौघांत चुकायला वीस वर्षांत कोणी सांगितलेले नसते. अनेकांची हौस येथेच संपते, आणि तिला कारण मात्र गुडघ्यांचे दिले जाते.

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, वयाची पन्नाशी अगदी जवळ आलेली असताना, झुरिच येथील आयर्नमॅन सुमारे सव्वापंधरा तासांत पुरी केली. त्या बातमीने आपल्याकडे अनेकांना या खेळाची ओळख झाली. परंतु सोमण तरुणपणीच जलतरणपटू म्हणून गाजलेले होते. नवशिक्याने त्यांचे कौतुक जरूर करावे. तुलना मात्र करू नये.

तुलनाच करायची तर सिस्टर मॅडोना ब्यूडर यांच्याशी करावी. १९३० साली अमेरिकेत जन्मलेल्या या जोगिणीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका धर्मगुरूंच्या सांगण्यावरून, धावायला प्रारंभ केला. बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिली आयर्नमॅन. पुढे त्यांचे वय इतके वाढत गेले की आयोजकांना त्यांच्यासाठी नवे वयोगट उघडावे लागले. २०१२ मध्ये कॅनडातील शर्यत त्यांनी मुदतीत पुरी केली, तेव्हा त्यांना ब्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली होती.

अर्थात शरीराचे नियम जोगिणीलाही चुकत नाहीत. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, थकवा भरून यायला अधिक वेळ लागतो. म्हणून या वयात विश्रांती हा सरावाचाच भाग ठरतो. तरुणाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलणारा बहुधा दुखापत पदरात घेतो. प्रारंभीच हृदयाची तपासणी करून घेणे, ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे. सायकलीवरून उतरताच धावण्याचाही सराव लागतो, कारण त्या क्षणी पाय लाकडाचे झालेले असतात. शिवाय खाणे! शरीरातील साखरेचा साठा दीर्घ श्रमांत काही तासांतच सरतो. सायकल चालवता चालवता थोडेथोडे खात राहावे लागते, आणि ते पचवण्याची सवयही पोटाला आधीपासून लावावी लागते.

आणखी एक हिशेब सहसा मांडला जात नाही. पूर्ण अंतराच्या तयारीला कित्येक महिने, आठवड्याचे दहा-बारा तास द्यावे लागतात. गृहस्थ पहाटे चारला सायकल घेऊन निघतात, तेव्हा घरातले डबे कोणीतरी भरतच असते. घरची स्त्री त्याच वेळी निघू म्हणाली तर? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर शांतपणे मिळते, तेथे अर्धी तयारी झाली असे समजावे. महागड्या सायकलीची चर्चा त्यानंतरची. घाई नसलेल्यांसाठी अर्ध्या अंतराची शर्यतही असते; गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ती २०१९ पासून सुरू झाली.

जपानचे हिरोमु इनाडा साठाव्या वर्षी पत्रकारितेतून निवृत्त झाले. पत्नी आजारी होती, तिची शुश्रूषा करायची होती. त्याच सुमारास ते पोहू लागले. पहिली ट्रायथलॉन सत्तराव्या वर्षी. २०१५ मध्ये हवाई येथील जागतिक स्पर्धेत, ब्याऐंशी वर्षांचे असताना, ते पोहले, सायकल चालवली, रात्रीच्या अंधारात मॅरेथॉनही धावले. अंतिम रेषा समोर दिसत असताना पाय लटपटले आणि ते पडले. उठून रेषेपर्यंत पोहोचले, तोवर सतरा तासांवर काही सेकंद उलटून गेले होते. नियमानुसार ते अनुत्तीर्ण ठरले. त्या काही सेकंदांसाठी सवलत मिळाली नाही.

इनाडा मायदेशी परतले आणि पुन्हा सरावाला लागले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाची पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांनी तीच रेषा पुन्हा ओलांडली. घड्याळात तेव्हा सोळा तास त्रेपन्न मिनिटे झाली होती.