न्यायालयातील लॅटिन



भारतातील कायद्याच्या महाविद्यालयांत लॅटिन भाषा शिकविली जात नाही. तरीही तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदवीधराच्या जिभेवर लॅटिन वचने खेळत असतात. भाषा अवगत नसताना तिच्यातील वाक्ये मुखोद्गत असावीत, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. लग्नातील मंत्र ऐकून अक्षता टाकणाऱ्या मंडळींपैकी संस्कृत जाणणारे किती असतात? फरक इतकाच की न्यायालयातील मंत्राच्या अर्थावर एखादा माणूस संध्याकाळी घरी जातो की तुरुंगात, हे ठरते.

ही वचने इंग्रजी कायद्याच्या बोटाला धरून भारतात आली. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटने १७३० साली कायदा करून न्यायालयाच्या दप्तरातून लॅटिनला रजा दिली. दप्तर इंग्रजी झाले. वचने मात्र राहिली. हर्बर्ट ब्रूम या विधिज्ञाने १८४५ मध्ये त्यांचा भाष्यासह संग्रह प्रसिद्ध केला, आणि पुढे कित्येक पिढ्यांतील वकिलांनी तो वापरला. ही सर्व वचने प्राचीन रोममधली आहेत, हा समज मात्र बरोबर नाही. त्यांपैकी बरीचशी मध्ययुगीन धर्मपंडितांनी आणि इंग्रज न्यायाधीशांनी घडविलेली आहेत.

'इग्नोरन्शिया ज्यूरिस नॉन एक्स्क्यूजॅट', म्हणजे कायदा ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही, या वचनाचे मूळ मात्र खरोखरच रोमन आहे. रोमन विधिज्ञ पॉलस याने हा नियम सांगताना पंचवीस वर्षांखालील व्यक्तींना त्यातून सूट दिली होती. ही सवलत पुढे वाटेत कोठे तरी गळून पडली. नियम किती कठोर होऊ शकतो, हे मुंबईच्या विमानतळावर दिसून आले. मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन प्रवासी २७ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिचहून मनिलाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी विमान मुंबईस थांबले. तो खाली उतरलाही नाही. झडती घेतली असता त्याच्या अंगावरील जाकिटात चौतीस किलो सोने सापडले. केवळ भारतातून पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत नोंदविले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात, म्हणजे त्याच्या प्रयाणाच्या तीनच दिवस आधी, प्रसिद्ध झाला होता. 'मेन्स रिया', म्हणजे सदोष मन, असल्याखेरीज कृत्य गुन्हा ठरत नाही, हे दुसरे लॅटिन वचन त्याच्या बाजूने उभे राहिले. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी ठरविले, पण शिक्षा भोगली तेवढीच पुरे मानली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. दोन वचने समोरासमोर आली की अखेर निवड न्यायाधीशालाच करावी लागते.

'ऑडी आल्टरम पार्टेम', दुसऱ्या बाजूचेही ऐका. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांचे म्हणणे न ऐकताच त्यांच्या पदव्या काढून घेतल्या, तेव्हा १७२३ साली एका न्यायाधीशाने आठवण करून दिली की, ईश्वरानेही आदमला बोलावून त्याचे म्हणणे विचारल्यावरच शिक्षा दिली. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, १९८५ साली, हेच तत्त्व पुढे आले. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी हटविण्यापूर्वी सामान्यतः सुनावणी दिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. परंतु ही सुनावणी येथे आमच्यासमोरच पुरेशी झाली आहे, असेही त्याने म्हटले. आणि ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर झोपड्या हटविण्यास वाट मोकळी झाली.

आता 'हेबियस कॉर्पस'. या सर्व शब्दांत हाच सर्वांत मोलाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याचा शब्दार्थ 'देह तुझ्यापाशी असावा' एवढाच. बंदी ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्याला उद्देशून ही आज्ञा असे: त्या माणसाचा देह घेऊन न्यायालयापुढे ये आणि त्याला कोणत्या कारणास्तव अडकवून ठेवले आहेस ते सांग. बंदी दोषी की निर्दोष, हा प्रश्न येथे नसतो. उत्तर द्यावयाचे असते ते कैदेत ठेवणाऱ्याने. लंडनच्या नदीत उभ्या असलेल्या जहाजावर बेड्या घालून ठेवलेला जेम्स सॉमरसेट हा गुलाम १७७२ साली याच आज्ञेमुळे लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आला आणि मुक्त होऊन बाहेर पडला.

भारतात या शब्दाची कसोटी आणीबाणीत लागली. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद केली. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकण्यास आपण समर्थ आहोत असा निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तरीही उपाय नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेतोवर नाही, असाच सरकारी युक्तिवादाचा अर्थ होतो, हे महान्यायवाद्यांना कबूल करावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने सरकारचा पक्ष मान्य झाला. तो एक म्हणजे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा अनुच्छेद आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरविले. निकाल मात्र कागदावर तसाच उभा राहिला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. बहुमतातील चौघांपैकी एक, पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूड, यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी त्या पीठावरून हे निकालपत्र लिहिले.

आपल्या संविधानात पाच प्राधिलेखांची नावे आहेत. मराठीत 'मॅन्डॅमस'ला महादेश, 'सर्शिओरारी'ला प्राकर्षण आणि 'हेबियस कॉर्पस'ला देहोपस्थिती म्हणतात. हिंदीत या शेवटच्याला बंदी प्रत्यक्षीकरण. हिंदीने माणूस पाहिला, मराठीने लॅटिनला धरून देह पाहिला. इंग्लंडने एकविसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या दोहोंची लॅटिन नावे काढून साधी इंग्रजी नावे दिली. हेबियस कॉर्पसला हात लावला नाही. ही याचिका करण्यासाठी नातेवाईक किंवा वकीलच असावा लागतो असेही नाही. तिहार तुरुंगातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच देहोपस्थितीची याचिका मानून चालविले आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्यावर निकाल दिला.