दगडाला जांभळा रंग येतो कसा?



पूर्वी पटकीची साथ आली की गावच्या विहिरीत पोटॅशियम परमँगनेटची पूड टाकीत आणि पाणी जांभळट होई. तो रंग पुडीतल्या मँगनीजचा. पण भंडारा-नागपूरकडे चिखला, मनसर येथल्या खाणींतून निघणारे मँगनीजचे खनिज पाहावे, तर ते काळे! धातू एकच, मग रंग वेगळे का? याचे उत्तर एक दगड देतो.

त्याचे नाव पर्प्युराइट. ग्रॅटन आणि शॅलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०५ साली त्याचे वर्णन केले. तो मँगनीजचा फॉस्फेट. थोडे लोखंडही त्यात असते. मात्र हा दगड जन्मतः जांभळा नसतो. मुळात तो तपकिरी किंवा गुलाबीसर असतो आणि त्यात लिथियम असते. हवापाण्याचा संस्कार होता होता लिथियम निघून जाते, मँगनीज आणखी एक इलेक्ट्रॉन गमावते आणि दगड जांभळा होतो. अणूंची चौकट तशीच राहते. घर तेच, भाडेकरू तेवढा गेला म्हणा ना!

याच घडणीचा लोखंडाचा फॉस्फेट १९९७ साली पाधी, नंजुंडस्वामी, गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅटरीसाठी पुढे आणला. बॅटरी भरताना लिथियम त्यातून बाहेर पडते, वापरताना परत येते. दगडातले मात्र गेले ते गेलेच.

आपल्या बेलापुरात, प्रवरेकाठी, पर्प्युराइट शोधू नका. आपला काळा पाषाण लाव्हारसाचा. हा दगड ग्रॅनाइटच्या जातीच्या भरड शिरांत सापडतो. दख्खनच्या पाषाणातल्या पोकळ्यांत जांभळे स्फटिक मिळतात, पण ती गारगोटी. मग ओळखायचे कसे? गारगोटी काचेवर ओरखडा काढते. पर्प्युराइटने काचेला काही होत नाही. उलट चाकूने तोच खरवडला जातो. कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासला तर तांबूस-जांभळी रेघ उमटते. गारगोटीची रंगीत रेघ उठत नाही.

आणखी एक. बाजारात पुष्कळदा काळपट दगड आम्लात धुऊन भडक जांभळे करून विकतात. तेव्हा नुसत्या रंगावर भुलून पैसे टाकू नयेत. गुरुजींनीही मुलांना दगडाचे नाव सांगण्याआधी काच, चाकू आणि कप घेऊन ही परीक्षा स्वतः करून दाखवावी. आम्लाचा प्रयोग मात्र वर्गात करू नये.