निवृत्त होणारी वादळं

आम्ही फौजी निवृत्त होतो, तशी अमेरिकेकडच्या वादळांची नावंही निवृत्त होतात. अटलांटिक महासागरासाठी नावांच्या सहा याद्या आहेत. सहा वर्षांनी तीच यादी परत येते. फार संहार केलेलं नाव मात्र कायमचं वगळतात. २००५ चं 'कतरिना' असंच गेलं. २०२४ च्या मोसमातली 'बेरिल', 'हेलीन', 'मिल्टन' गेली. त्यामुळे बळी आणि नुकसान पाहून पुढचं कुठलं जाणार, याचा अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आपल्या समुद्रांतल्या वादळांची नावं इथे दिल्लीतूनच, मौसम भवनातून जाहीर होतात. २०२० च्या यादीत १३ देशांची १६९ नावं आहेत, आणि प्रत्येक एकदाच वापरायचं. त्यातलं पहिलंच, बांगलादेशानं सुचवलेलं 'निसर्ग', ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

समुद्रातच विरलेलं वादळ असो की 'निसर्ग', नाव दोघांचंही एकदाच. कुठलं लक्षात ठेवायचं, हे सांगायला आपल्याकडे समिती बसत नाही. तेव्हा कोकणात घर असेल, तर थोरांना विचारा: 'निसर्ग'मध्ये वारा कुठून शिरला, आधी काय उडालं, आसरा कुठे मिळाला? आणि लिहून ठेवा. पुढचं वादळ वेगळ्या नावानं येईल, पण किनारा तोच असेल.

जय हिंद.