उरलेला वेळ म्हणजे टाइमआउट नव्हे



ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं संमेलन भिवपुरीत भरतंय याचा मला मनापासून आनंद आहे. आंद्रा नदीचं ठोकळवाडीला अडवलेलं पाणी डोंगरावरून खाली येतं, इथल्या टाटांच्या वीजघरात जनित्रं फिरवतं, आणि ही वीज १९२२ पासून मुंबईला जाते. वापरून झालेलं पाणी पुढे राजनाल्याने कर्जतच्या भातशेतीला मिळतं. यंत्राच्या अगदी जवळ बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना या गावात परकं वाटायचं कारण नाही.

मला आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. दुसऱ्याचा पॅच तपासताना व्हेरिएबलच्या नावावरून किती अडून बसायचं? अनेकांना हे निटपिकिंग वाटतं. कोड चालतोय ना, मग नावात काय ठेवलंय, असा सूर असतो. मी मात्र अडून बसणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण एका उदाहरणातून सांगतो.

लिनक्स कर्नलमध्ये ‘वेट_फॉर_कम्प्लिशन_टाइमआउट’ हे फंक्शन आहे. हार्डवेअरला काम दिलं, आता इंटरप्ट येईपर्यंत थांबायचं, पण कायमचं नाही, यासाठी ते वापरतात. काम वेळेत झालं तर हे फंक्शन उरलेला वेळ परत देतं आणि वेळ संपला तर शून्य देतं. आता कित्येक ड्रायव्हरांत या उत्तरासाठी जे व्हेरिएबल घेतलेलं असायचं, त्याचं नाव होतं ‘टाइमआउट’. पुढची ओळ अशी: ‘टाइमआउट’ शून्य असेल तर ‘ईटाइमडआउट’ ही चूक परत कर. ही ओळ मोठ्याने मराठीत वाचून बघा. टाइमआउट नसेल, तर टाइमआउट झाला असं कळव! कंपायलरला यात काहीही खटकत नाही, कोड बरोबर चालतो. वाचणारा मात्र दर वेळी अडखळतो, मनातल्या मनात अर्थ उलटा करतो आणि पुढे जातो. एखाद्या दिवशी थकलेला माणूस अर्थ उलटा करायला विसरतो, किंवा ‘दुरुस्ती’ म्हणून ‘टाइमआउट’च्या आधीचं, ‘नसेल’ असं सांगणारं उद्गारचिन्हच काढून टाकतो.

आयटूसी उपप्रणालीचे मेंटेनर वोल्फ्राम सांग यांनी २०२४ मध्ये हे मनावर घेतलं. आयटूसी, एसपीआय, एमएमसी, मीडिया अशा ठिकठिकाणच्या ड्रायव्हरांत त्यांनी या व्हेरिएबलचं नाव ‘टाइम_लेफ्ट’ करणारे पॅच पाठवले. वागणुकीत काडीचा बदल नाही. पण आता तीच ओळ वाचा: उरलेला वेळ शून्य असेल, तर वेळ संपल्याची चूक परत कर. अडखळायला जागाच उरली नाही. एवढ्या अनुभवी माणसाने आपला वेळ केवळ नावासाठी घालवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

चांगलं नाव पुढचा प्रश्नही आपणहून विचारायला लावतं. उरलेला वेळ, पण कशात मोजलेला? या फंक्शनला मिलिसेकंद कळत नाहीत, जिफी कळतात, आणि जिफी किती मोठी हे कर्नलच्या एचझेड या सेटिंगवर ठरतं. कुणी ‘टाइमआउट’ म्हणून सरळ ५० लिहून दिलं आणि त्याच्या मशीनवर एचझेड १००० असलं, तर थांबणं ५० मिलिसेकंदांचं होतं. एचझेड १०० असलेल्या बोर्डावर तेच थांबणं अर्ध्या सेकंदाचं. लेखकाच्या टेबलावर सगळं सुरळीत आणि तक्रार येते ती भलत्याच बोर्डावरून. नाव ‘टाइमआउट_एमएस’ असतं, तर त्याला जिफीत बदलून घ्यायचं राहिलंय हे तपासणाऱ्याच्या पहिल्याच नजरेत आलं असतं.

एककांचा घोळ तर कर्नलच्या आतच मांडून ठेवलेला आहे. एचडब्ल्यूमॉनच्या चौकटीत व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगायचं, पॉवर सप्लायच्या चौकटीत मायक्रोव्होल्टमध्ये. म्हणजे लिथियमचा पूर्ण भरलेला ४.२ व्होल्टचा सेल एकीकडे ४२०० आणि दुसरीकडे ४२००००० दिसतो. तापमानाचंही तसंच. ४५ अंश सेल्सिअस हे एकीकडे ४५०००, दुसरीकडे ४५०. या दोन चौकटींच्या मधे बसणाऱ्या चार्जरच्या ड्रायव्हरमध्ये कुणी नुसतं ‘व्होल्ट’ किंवा ‘टेम्प’ लिहिलं, तर मी तो पॅच परत पाठवतो आणि मला त्याचा संकोच वाटत नाही. रेग्युलेटरच्या चौकटीत ‘मिन_यूव्ही’ असं लिहितात, डिव्हाइस ट्रीमध्ये गुणधर्माच्या नावाला ‘मायक्रोव्होल्ट’ हे शेपूट जोडतात. हे शहाणपण आधीच झालेलं आहे, आपण ते फक्त उचलायचं.

एककानंतरची दुसरी गोष्ट म्हणजे बाजू, कुठून बघायचं ती. इथल्या रुळांवर मुंबईपासून दूर जाणारी गाडी ‘डाऊन’. म्हणजे कर्जतला मागून बँकर इंजिनं लावून १:३७ चा चढ चढत खंडाळ्याकडे जाणारी गाडी डाऊन आणि घाट उतरणारी अप! तरी रेल्वेचा कुणी कर्मचारी गोंधळत नाही, कारण कुठून बघायचं हे एकदाच ठरलंय आणि सगळ्यांना ठाऊक आहे. यूएसबीने हेच केलं. ‘इन’ म्हणजे कायम होस्टच्या दिशेने. त्यामुळे उपकरणाच्या बाजूचा ड्रायव्हर लिहिताना आपण ‘इन’ एंडपॉइंटवर डेटा पाठवत असतो. नवख्याला हे उलटं वाटतं, पण ते नाव बदलायला जाऊ नका. त्याच फाइलमध्ये कुणी स्वतःच्या बाजूने बघून ‘इन_बफर’ असं दुसरं व्हेरिएबल काढलं असेल, तर ते मात्र बदलायला लावा. एका फाइलमध्ये दोन ठिकाणांहून बघितलेली नावं नांदू देऊ नयेत.

याचा अर्थ नावं लांबलचक करा असा नाही. कर्नलची कोडिंग स्टाइल स्पष्ट सांगते की स्थानिक व्हेरिएबल छोटं असावं, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पाच ओळींच्या लूपमधला ‘आय’ हा ‘आय’च राहू द्या. रजिस्टरची नावं डेटाशीटमध्ये असतील तशीच ठेवा, कितीही ओबडधोबड असली तरी; पुढच्या माणसाला पीडीएफमध्ये तीच शोधायची असतात. आग्रह धरायचा तो एकक, बाजू आणि खऱ्या-खोट्याचा अर्थ या तिन्हींवर, कारण ‘इंट’ असा प्रकार लिहून या तिन्हींतलं काहीच कळत नाही.

विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावं. नाव बदलायचं तर त्याचा पॅच वेगळा करा, दुरुस्तीत मिसळू नका. जुन्या आवृत्तीवर दुरुस्ती न्यायची असते तेव्हा नावांची सरमिसळ झालेला पॅच बसत नाही, आणि त्याचा त्रास अनोळखी माणसाला होतो.

दुपारच्या सत्रात आपण सगळे आपापले पॅच घेऊन बसणार आहोत. माझी सूचना अशी की दोघादोघांनी बसावं, आणि लेखकाने गप्प राहून तपासणाऱ्याला प्रत्येक ‘इफ’ची ओळ मराठीत मोठ्याने वाचू द्यावी. सुरुवात परत येणारी किंमत साठवणाऱ्या व्हेरिएबलपासून करू या.