शाळेच्या स्वयंपाकघरात औषध नको

मैत्रिणींनो, २०१३ साली बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचं कीटकनाशक सापडलं. आपल्यातल्या कितीतरी जणी पोषण आहार शिजवतात, म्हणून सांगते.

औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी शाळेत, अंगणवाडीत वापरायचा नाही. शेतातलं औषध तिथं मारायचं नाही. झुरळं-मुंग्या झाल्या तर आधी खरकटं उचला, फटी बुजवा, धान्य झाकून ठेवा. तरीही फवारावंच लागलं, तर सुट्टीच्या दिवशी, भांडी-धान्य बाहेर काढून, जाणकाराकडूनच.

डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा झाला तरी ते विषच, बरं का! येत्या ग्रामसभेत हा विषय आपणच मांडूया.