कुमारवयातील नैराश्य : ओळख आणि उपचार

(गोव्यातील एका ग्रामीण विद्यालयाच्या पालक-शिक्षक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज आपणांपुढे मुलांच्या मनाच्या आरोग्याविषयी बोलण्याची कामगिरी खात्याने माझ्यावर सोपविली आहे. मी डॉक्टर नव्हे. वाङ्मयाचा पदवीधर आणि प्रसिद्धी खात्याचा एक सेवक. जाणकारांकडून जे समजून घेतले आणि स्वतःच्या कुटुंबात जे अनुभवले, तेवढेच सांगतो.

माझा भाचा दहावीत होता. दर चवथीला घुमट घेऊन आरतीसाठी सर्वांआधी सज्ज होणारा हा मुलगा त्या वर्षी खोलीबाहेर पडेना. आईने हाक मारली, तर तिच्यावर खेकसला. ताईने मला बोलावून घेतले. मी मामा, शिवाय भाषण करणे हा माझा व्यवसायच. उद्योग, चिकाटी आणि वडिलांचे कष्ट यांवर मी त्याला अर्धा तास ऐकविले. तो मान खाली घालून बसला होता. मी समाधानाने घरी परतलो. पुढे काही दिवसांनी त्याच्या शाळेतील बाईंनी त्याला बाजूला घेऊन ‘तुला रात्री झोप लागते का रे?’ एवढेच विचारले, आणि तो ढसढसा रडला. कित्येक आठवडे तो पहाटेपर्यंत जागा राहत होता. घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

नैराश्य म्हटले की रडवेला चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येतो. कुमारवयात मात्र हा विकार पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने प्रकट होतो. आवडत्या खेळातले मन उडणे, मित्रांना टाळणे, झोप व भूक फार कमी किंवा फार जास्त होणे, सतत थकवा, अभ्यासात चित्त न लागणे, कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी, ‘मी कुचकामी आहे’ असे उद्गार, ही त्याची लक्षणे होत. परीक्षेतील अपयशाने मूल चार दिवस खिन्न होते, ते स्वाभाविक आहे. परंतु यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली आणि नित्य व्यवहारात अडथळा येऊ लागला, तर तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे ७ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. तेव्हा हे दूरच्या शहरांचे दुखणे आहे, असे कोणी समजू नये. आनुवंशिकता, जिवलगाचा मृत्यू, मारहाण, घरातील दारू, वर्गातील छळ अशी अनेक कारणे यात एकत्र येतात. तो आळस नव्हे, आणि बाधाही नव्हे. देवापुढे गाऱ्हाणे जरूर घालावे. मात्र त्यासाठी डॉक्टरकडे जाणे लांबवू नये.

मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलता आल्याने भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आल्यास मुलाला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भयाने काही लपवू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शिक्षेपासून संरक्षण देऊन त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

उपचार अवघड नाहीत, पण त्यांना धीर लागतो. डॉक्टर प्रथम रक्तक्षय, थायरॉइड यांसारखी शारीरिक कारणे तपासतात. विकार सौम्य असल्यास समुपदेशन, नियमित झोप व व्यायाम यांनी सुधारणा होऊ शकते. तीव्र असल्यास समुपदेशनाच्या जोडीला फ्लुओक्सेटिनसारखे औषध देतात. त्याचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. आरंभीच्या काळात मुलाकडे विशेष लक्ष ठेवावे लागते. बरे वाटू लागताच औषध आपल्या मनाने बंद करू नये. बांबोळी येथील शासकीय मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तसेच ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

शिक्षकांना एकच विनंती. हजेरीपटावर अकस्मात वाढलेली अनुपस्थिती पाहाल, तेव्हा दंड करण्यापूर्वी त्या मुलाशी एकांतात दोन शब्द बोला, आणि त्याची गोष्ट वर्गात चर्चेचा विषय होऊ देऊ नका.

माझ्या भाच्याला पूर्ण बरे होण्यास जवळजवळ वर्ष लागले. पुढल्या चवथीला तो घुमट घेऊन बसला. दोनच आरत्या वाजविल्या आणि उठला. ‘थकलास का?’ असे मी विचारले. ‘थोडासा, मामा,’ तो म्हणाला. या खेपेस मी उपदेश केला नाही. त्याच्याजवळ बसून राहिलो.