परवलीचा शब्द आणि आपली तरुण मंडळी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पाचाड येथे दिलेले व्याख्यान)



विषय निवडण्याची मोकळीक चिटणिसांनी मला दिली, तेव्हा मी शिवकालावर बोलेन असे पुष्कळांनी गृहीत धरले असेल. जिजामातेची समाधी जेथे आहे त्या पाचाडास येऊन दुसरे काय बोलावयाचे? तथापि मी आज संगणकाच्या सुरक्षिततेवर बोलणार आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य खडूफळ्यात गेलेले. या शास्त्रात मी अधिकारी नव्हे. परंतु आपल्या घरांतील कित्येक मुलेमुली ऐरोलीच्या, हिंजवडीच्या कचेऱ्यांतून हेच काम करून पोट भरतात, आणि ती नेमके काय करतात हे आपणांस सांगता येत नाही, ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

गौरीगणपतीस ही मंडळी गावी येतात. घरात आरती चाललेली आणि चिरंजीव लॅपटॉप घेऊन रेंजच्या शोधात पडवीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर! पासवर्डची मुदत संपलेली असते. नवा घ्यावयाचा तर कचेरीच्या नेटवर्कमध्ये शिरले पाहिजे, आणि शिरावयाचे तर नवा पासवर्ड पाहिजे. मदतकेंद्रास फोन करावा, तर तक्रारीचा क्रमांक तेवढा मिळतो. पण फोनच्या दुसऱ्या टोकालाही आपल्यासारख्याच कोणाची तरी लेक रात्रपाळीस बसलेली असते. ज्याचे काम अडले तो रागावतो तिच्यावर, नियम मात्र तिने केलेला नसतो. ‘बसल्या जागचे काम’ असे आपण घरी म्हणतो, ते तिच्यासमोर तरी म्हणू नये.

पासवर्डला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्याने रात्री हटकले की तो सांगावयाचा. पहारेकऱ्यास मात्र तो एकच लक्षात ठेवावा लागे. आमच्या मुलांस दहा-वीस, आणि त्यांत एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, शिवाय दर नव्वद दिवसांनी बदल. या रिवाजाचे मूळ पुष्कळ अंशी अमेरिकेत आहे. तेथील मानके ठरविणाऱ्या सरकारी संस्थेतील बिल बर यांनी २००३ साली याविषयी एक मार्गदर्शिका लिहिली आणि ती जगभरच्या कचेऱ्यांनी उचलली. परिणाम काय झाला? शब्द तोच ठेवून लोक शेवटच्या १ चा २ आणि २ चा ३ करू लागले. काहींनी तर चिठ्ठी लिहून पडद्यासच चिकटविली. २०१७ साली त्याच संस्थेने सांगितले, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्यावाचून तो बदलावयास लावू नये. निवृत्त झालेल्या बर यांनीही त्याच वर्षी आपल्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तरीही कित्येक कचेऱ्यांत तो नियम आजही चालू आहे! तेव्हा मुले चिडतात त्यात सर्व दोष त्यांचा, असे मी मानीत नाही.

मात्र नियमच नकोत असे म्हणणाऱ्याने आपल्याच जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदराकडे पाहावे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचे एक टर्मिनल न्हावा शेवा येथे होते. तेथील कामकाज त्याने कोलमडविले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे हे सांगणारा संगणकच मुका झाल्यावर क्रेन आणि ट्रक काय करणार? मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीतील संबंधित दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. परंतु दुरुस्ती न केलेला एखादा संगणक सापडला तरी हा प्रोग्राम आत शिरे, त्याच्या स्मृतीतील पासवर्ड उचली आणि त्यांच्या बळावर दुरुस्त केलेल्या संगणकांतही पसरे. ‘अपडेट करा’ असा जो धोशा आमची मुले लावतात त्याचे कारण हे आहे.

हिरकणीची आख्यायिका येथे विस्ताराने सांगावयास नको. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या जागी बुरूज बांधविला. मला त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. कोठून उतरता येते हे तिने निर्भयपणे दाखविले, म्हणून तर बुरूज झाला. तिला शिक्षा झाली असती, तर ती वाट कोणी दाखविली असती? आजच्या कचेरीत फसव्या ई-मेलवर चुकून बोट पडलेला पोरगा नोकरीच्या भीतीने गप्प बसतो, आणि जो तास हाताशी असतो तो निघून जातो. शाळेत काच फुटली की दटावणाऱ्या मास्तरास ती सर्वांत शेवटी कळते, हा तर माझ्या व्यवसायातील नित्याचा अनुभव. तेव्हा आपल्यापैकी जे साहेबाच्या खुर्चीवर आहेत, त्यांनी आपल्या हाताखालची माणसे अशी बातमी घेऊन प्रथम कोणाकडे जातात, हे एकदा तपासून पाहावे.

मर्स्कला पुढे सुमारे दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. संगणकांची व वापरणाऱ्यांची ओळख ठेवणाऱ्या त्यांच्या मुख्य सर्व्हरांपैकी एकच वाचला, तो आफ्रिकेतील घाना देशात. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! वीज गेल्याचा असा उपयोग आपल्या महावितरणच्या ग्राहकांस ऐकून करमणूक वाटेल. परंतु दूरच्या एका ठिकाणी प्रत उरली, म्हणून सावरणे शक्य झाले.

यावरून आपल्या मंडळाविषयी एक सूचना करतो. सभासदांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांसोबतचे आधार क्रमांक सध्या कार्यालयातील एकाच संगणकात आहेत. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, तेव्हा कागद आणि यंत्रे दोन्ही पाण्याखाली गेली, हे येथे बसलेल्या कित्येकांनी पाहिले आहे. या सर्व नोंदींची एक प्रत मुंबईस आणि एक येथे पाचाडास, नेटवर्कपासून अलग, कुलुपात ठेवावी. आधार क्रमांकांच्या प्रती व्हॉट्सॲपच्या गटावर मागविणे आजपासूनच बंद करावे. खर्च थोडा आहे. काम आपलीच तरुण मंडळी करतील. चिटणिसांनी हा विषय पुढच्या कार्यकारिणीच्या सभेपुढे ठेवावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.